सातबाऱ्यावरचं दुसरं नाव

प्लॉट घ्यायचा म्हटल्यावर पौर्णिमाला गोविंदाकाकांनी एकच गोष्ट बजावली होती. काका कोर्टातून निवृत्त झालेले. "नकाशा पाहू नको, कमान पाहू नको. सातबाऱ्यावर जितकी नावं, तितक्या सह्या. एकही कमी असली तर पैसे देऊ नको."

उपकेंद्रात अकरा वर्षं परिचारिका असलेल्या पौर्णिमाने हे तंतोतंत पाळलं. मंगरूळपीरबाहेरच्या ज्या शेतात दलालाने कमान ठोकून प्लॉट पाडले होते, त्याच्या सातबाऱ्यावर दोन नावं निघाली: भाऊसिंग आणि त्याची बहीण जमनाबाई.

दलाल रवी हसला होता. "मॅडम, बहिणीचं काय घेऊन बसल्या? वारसात नाव लागते, मंग सुटते. इकडं असंच चालते."

"मग सोडवून आणा. पैसे त्यानंतर."

दलालाला असं ठणकावल्याचा तिला अभिमानच वाटला होता.

बुधवारी साडेअकराला ती नोंदणी कार्यालयाच्या व्हरांड्यात बसली. आधी बहिणीचं हक्कसोडपत्र, मग लगेच पौर्णिमाची इसारपावती, असं ठरलं होतं. भाड्याच्या दोन खोल्यांतून बाहेर पडायला तिला नऊ वर्षं लागली होती. चेक पर्समध्ये होता.

बाकावर शेजारी एक साठीची बाई येऊन बसली.

"कोणत्या कामाले आल्या मावशी?" पौर्णिमाने विचारलं.

"निराधारचा पगार सुरू होऊन राह्यला. भाऊनं फाईल काढली. अंगठा लावला का झालं."

"पगाराचं काम तहसीलीत होते न. इथं जमिनीचे कागद होतात."

"माह्या भावापेक्षा तुले जास्त समजते का?" बाई फटकारून म्हणाली.

"नाव काय तुमचं?"

"जमनाबाई."

हीच ती बहीण. पौर्णिमा गप्प बसली असती तर तिच्या कागदात काहीच खोट निघाली नसती. अंगठा खरा, साक्षीदार खरे, नोंद पक्की. गोविंदाकाकांनीही शाबासकी दिली असती.

ती उठली. दाराशी उभ्या रवीच्या हातातला दस्त तिने ओढूनच घेतला आणि मोठ्याने वाचला: "'कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने, माझा हक्क कायमचा सोडत आहे.' मावशी, हा पगाराचा कागद नाही. तुमचं वावर भावाच्या नावानं करून द्यायचा कागद आहे."

भाऊसिंग धावून आला. "तुमाले पलाट पाह्यजे का भांडण? बहीण माही आहे. आमचं आमी पाहू."

"पाहा न. पण तिले सांगून पाहा. पगाराचं नाव काहून घेतलं?"

"खरं सांगतलं तर ते अंगठा देत नाही म्हणून घेतलं!" तो बोलून गेला.

रवीने पौर्णिमाला बाजूला घेतलं. "मॅडम, बहिणीचं सोडवून आणा, हे तुमीच म्हटलं होतं. आमी आणलं."

ते खरं होतं. तिचा आवाज त्यामुळेच आणखी चढला. "सही आणा म्हटलं होतं. फसवून आणा म्हटलं नव्हतं. एका बाईचं रान लुबाडून त्यावर मी घर बांधू? लाज वाटू द्या जराशी."

आतून पुकारा झाला. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहत नेहमीचा प्रश्न विचारला, "जमनाबाई, कागदात काय लिहिलं ते कळलं का? खुशीनं देता?"

"हो म्हण न," भाऊसिंग पुटपुटला.

"तू थांब," जमनाबाई भावाला म्हणाली. " त्या बाईनं वाचलं ते खरं का खोटं, तेवढं सांग."

भाऊसिंगने शाईचा पॅड तिच्यापुढे केला.

"नाही देत, साहेब."

अधिकाऱ्यांनी दस्त परत सरकवला आणि पुढचं नाव घेतलं.

बाहेर आल्यावर रवी म्हणाला, "हा भाव आता सापडत नाही, मॅडम. राहा भाड्याच्या खोलीत." पौर्णिमा पायऱ्या उतरत होती, तेवढ्यात जमनाबाईने तिला अडवलं.

"माय, माहं किती निघते त्या वावरात?"

"चार एकरांचं निम्मं. दोन एकर."

"इहिरीकडचे का रस्त्याकडचे?"

"वाटणीच झाली नाही अजून. ते तुमाले मांगा लागते."

जमनाबाईने थोडा विचार केला. "त्या रवीनं कमान कोणत्या बाजूनं ठोकली?"

"रस्त्याकडून."

"मंग रस्त्याकडचेच मांगतो," असं म्हणून ती भावाला शोधायला परत आत गेली.