मेहरूणच्या पडवीत उकललेलं इंजिन

मी इंजिन बोलतोय. आता पंपाचं, पूर्वी मोटारीचं. फैजपूरच्या एका केळीच्या मळ्यात, विहिरीच्या काठावर मला दोन ओंडक्यांवर बसवलंय. शेजारी पाण्याचं पिंप, डोक्यावर पत्रा. चाकं नाहीत, दिवे नाहीत, भोंगा नाही. दिवसभर पाणी ओढायचं आणि दिवस मावळला की गप्प बसायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. त्याबद्दल मला फारसं सांगता येत नाही. ओतीव बिडाला आपली आई आठवत नाही. पेटीत बंद होऊन बोटीनं मुंबईला आलो आणि १९२४ साली एका काळ्या मोटारीच्या पोटात बसून धुळ्याला रुपचंद शेठच्या दारात उभा राहिलो.

रुपचंद शेठ कापसाचे दलाल. वाटेत कुत्रं नसलं तरी ते भोंगा वाजवायला लावत, आणि गाव जवळ आलं की फेटा नीट करत. चढावर माझं पाणी उकळलं की ड्रायव्हरवर चिडत, उतारावर मात्र मोटार आपणच पळवल्यासारखे हसत. माणूस वाईट नव्हता. पण आत काय चाललंय याची त्यांना कधी चौकशी नव्हती. माझं तेल काळं झालं, पातळ झालं, तरी मी पळत राहिलो. शेवटी एका उन्हाळ्यात लळिंगच्या घाटात माझ्या आतून ठोका येऊ लागला. दार ठोठावावं तसा.

शेठनं नवी मोटार घेतली. माझी जुनी मोटार गॅरेजात मोडली. मागची गादी एका चहाच्या हॉटेलात बाकड्यावर गेली, चाकं कुणीतरी बैलगाडीला लावली. मी कोपऱ्यात पडून राहिलो. त्या गॅरेजात भटू नावाचा तरुण कामाला होता. उंच, कमी बोलणारा, नखांत कायम तेल. त्यानं मला मालकाकडून मागून घेतलं आणि मालगाडीत घालून चाळीसगावमार्गे जळगावला, आपल्या घरी आणलं.

घर मेहरूणला, तलावाच्या बाजूला. धाब्याचं, दोन खोल्यांचं, पुढं पडवी. घरात भटूचे आईवडीलच. वडील झुलाल हे कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. कापसाच्या हंगामात तिथलं वाफेचं इंजिन सांभाळायचे. आई तानुबाई. भटूचा बेत असा होता की मला दुरुस्त करायचं, कुठूनतरी सांगाडा मिळवायचा आणि जळगाव ते एरंडोल माणसं नेणारी सर्व्हिस मोटार काढायची.

त्यानं मला सबंध उकललं. तानुबाईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून एकेका भागाला बांधल्या आणि ते भाग पडवीत गोणपाटावर मांडून ठेवले. पिस्टन इथं, व्हॉल्व्ह तिथं, कार्बोरेटर कोनाड्यात. पण जगाची दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि सुटे भाग यायचे बंद झाले. महिने गेले. जेवायला बसायचं तर माझे तुकडे बाजूला सारून पाट मांडावा लागे.

एका संध्याकाळी झुलाल कामावरून दमून आले आणि अंधारात माझ्या क्रँकच्या वाकड्या दांड्याला ठेचकाळले. अंगठा फुटला. ते खाली बसले आणि भटूला म्हणाले, "उकलाले कोनलेबी येस. जोडाले येस का तुले?"

भटूनं चिंधी घेऊन बापाचा अंगठा बांधला. पुढच्याच आठवड्यात तो लष्कराच्या मोटारखात्यात भरती झाला. जाताना त्यानं माझ्यावर गोणपाट नीट पसरलं आणि आईला सांगितलं, याला कुणाला हात लावू देऊ नको, मी येऊन जोडीन.

त्याला मलायात पाठवलं. मग सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि पलटणीकडून कळलं की भटूचा पत्ता लागत नाही. मेला असंही नाही, आहे असंही नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात कारखाना बंद होता. एका सकाळी झुलालनी माझ्यावरचं गोणपाट काढलं. बराच वेळ नुसते बघत बसले. वाफेच्या इंजिनावर आयुष्य गेलेला माणूस. माझ्यासारखं नाजूक, घाईचं यंत्र त्यांनी कधी हाताळलं नव्हतं. एकेक भाग उचलायचे, चिंधी सोडायचे, हा कुठं बसत असेल ते बघायचे, आणि पुन्हा तीच चिंधी तशीच बांधून ठेवायचे.

हळूहळू त्यांना मी कळू लागलो. कारखान्याच्या लेथवर त्यांनी पिस्टनसाठी बिडाच्या नव्या रिंगा कातल्या. क्रँक ज्यांत फिरतो ती माझी बेअरिंगं झिजून गेली होती, त्यांचा पांढरा धातू तानुबाईच्या चुलीवर लोखंडी पळीत वितळवून पुन्हा ओतला. मग क्रँकला काजळ लावून बेअरिंगवर फिरवायचं, जिथं काळं लागेल तो उंचवटा पातं घेऊन हलकेच खरवडायचा, पुन्हा काजळ, पुन्हा खरवडणं. काजळ तानुबाई धरून द्यायची. सुरुवातीला तिला बरं वाटत असावं. नवरा दिवसभर तोंड मिटून भिंतीकडं बघायचा, त्यापेक्षा हे बरं.

पण मी आकाराला येऊ लागलो तशी ती हात आखडता घेऊ लागली. काजळ मागितलं तर संपलंय म्हणायची. पडवी सारवायला आली की माझ्याभोवती थांबायची आणि गोणपाटावर उरलेले भाग बघायची. दर वेळी ते कमी झालेले असत.

दुसऱ्या पावसाळ्यात कार्बोरेटर लावायची वेळ आली, तेव्हा त्यातलं जेट सापडेना. जेट म्हणजे पितळेचा छोटासा स्क्रू, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पेट्रोल येतं. एवढंसं जेट, पण ते नसलं तर मी म्हणजे नुसतं लोखंड. झुलालनी कोनाडा पालथा घातला. पडवीतली, अंगणातली माती खरवडून चाळणीनं चाळली. चाळणीची दुसरी बाजू तानुबाईनं धरली होती. दोघं समोरासमोर बसून माती चाळत होती, आणि जेट तिच्या कमरेच्या पिशवीत होतं. मला ठाऊक होतं. तिनं ते उचललं तेव्हा तिचा हात माझ्या अंगाला लागला होता. थंडगार होता.

झुलाल फिटर होते, हरणारे नव्हते. पितळेचा तुकडा आणून त्यांनी नवं जेट बनवायला घेतलं. बारीक सुईनं भोक पाडलं, फुंकून पाहिलं. ते बसवायला माझ्यापुढं वाकले तेव्हा तानुबाई मागं उभी होती.

ती म्हणाली, "तुम्हीन बठ्ठं करी टाकं, मंग तो कसाले ई?"

सगळं तुम्हीच करून टाकलंत, तर मग तो कशाला येईल. एवढंच तिचं म्हणणं. झुलालचा हात तिथंच थांबला. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. हातातलं नवं जेट खिशात टाकलं, माझ्यावर गोणपाट ओढलं आणि तलावाकडं निघून गेले. जुनं जेट कुठंय हे त्यांनी तिला कधीही विचारलं नाही.

त्यानंतरची वर्षं विचित्र होती. काम संपवायचं नव्हतं आणि कामावाचून झुलालना राहवतही नव्हतं. म्हणून त्यांनी झालेलं कामच पुन्हा पुन्हा करायला घेतलं. व्हॉल्व्ह कुरुंदाच्या पुडीनं घासून असे बसवले की रात्रभर घासलेट ओतून ठेवलं तरी थेंब गळू नये. माझ्या आत हवा यायच्या वाटा ओबडधोबड होत्या, त्या घासून आरशासारख्या केल्या. सोनाराकडून तराजू आणला आणि माझे चारही पिस्टन ज्वारीच्या दाण्यांनी तोलले. जो जड भरला त्याच्या आतून लोखंडाचा कीस काढला. माझं हेड, म्हणजे वरचं झाकण, त्यांनी घासून थोडं पातळ केलं. झाकण खाली आलं की आतला वायू जास्त दाबला जातो आणि धक्का जोरात बसतो. अमेरिकेतल्या कारखान्यात माझ्यावर एवढं कुणी लक्ष दिलं नव्हतं. मी जन्मलो त्याहून चांगला होत होतो. तेही झुलालना मला सुरू करायचं नव्हतं म्हणून.

तानुबाई पुन्हा काजळ धरू लागली. हे काम पुरं होणार नाही हे तिला कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे झुलालना कळलंय, हेही. पण त्या घरात यावर एक शब्द निघाला नाही.

लढाई संपली. सुटलेले कैदी परत येऊ लागले. सेहेचाळीसच्या हिवाळ्यात अभिमन आला. फैजपूरचा, भटूच्याच तुकडीतला. अंगावर मांस नव्हतं, सदरा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. पडवीत, माझ्याशेजारीच बसला. त्यानं सांगितलं की मलायातल्या छावणीत भटू तापानं गेला. केव्हा म्हणून झुलालनी विचारलं. त्रेचाळीसच्या पावसाळ्यात, तो म्हणाला.

त्या पावसाळ्यात आमच्या अंगणात चाळणी चालली होती.

तानुबाईनं एकच विचारलं. "त्याना जोडे कोन व्हतं?"

"मी होतो त्याच्याजवळ, माय," अभिमन म्हणाला. "त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

हे म्हणताना त्यानं हातातला चहाचा पेला न पिताच माझ्या अंगावर ठेवून दिला. तो खरं बोलला की नाही, मला सांगता येणार नाही. तानुबाईनं मान हलवली आणि त्याच्यापुढं भाकरी ठेवली.

त्यानंतर कित्येक दिवस माझ्याकडं कुणी फिरकलं नाही. मग एका सकाळी तानुबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि जेट झुलालच्या तळहातावर ठेवलं. पितळ घामानं हिरवं पडलं होतं. झुलालनी ते पुसलं, फुंकलं आणि बसवलं. कारखान्याच्या लॉरीवाल्याकडून डबाभर पेट्रोल आणलं. हँडल मारलं. तिसऱ्या फिरकीला मी सुरू झालो.

मी कसा चाललो हे मीच सांगणं बरं नव्हे. पण ठोका नव्हता, खडखड नव्हती. चारही पिस्टन असे चालले की ओट्यावरच्या तांब्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. आळीतली माणसं गोळा झाली. झुलाल माझ्यावर हात ठेवून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. नुसतं ऐकत होते.

तानुबाई दारात आली. "बंद करा," ती म्हणाली. "तो उना अस वाटी ऱ्हायनं."

भटू आल्यासारखं तिला वाटत होतं. झुलालनी मला बंद केलं. त्या घरात मी पुन्हा कधी सुरू झालो नाही.

अभिमन मधूनमधून केळी घेऊन यायचा. मला त्याच्या विहिरीवर न्यावं असं तानुबाईनंच त्याला सुचवलं. इथं पडून राहण्यापेक्षा झाडांना पाणी तरी मिळेल म्हणाली. गाडीत चढवताना झुलालनी अभिमनला बजावलं की याला पेट्रोलच लागेल, घासलेट चालायचं नाही. अभिमननं होकार दिला. पण रेशनचं पेट्रोल मळ्यापर्यंत कुठून यायचं? थोड्याच दिवसांत मी पेट्रोलवर सुरू होऊन घासलेटावर चालू लागलो. घासलेटाला तो दाब सोसत नाही. झाकण खाली आलेलं, आत वायू वेळेआधीच भडकायचा, आणि लळिंगच्या घाटातला तो जुना ठोका मला पुन्हा ऐकू येऊ लागला. ज्या कामानं मी इतका चांगला झालो होतो, तेच मला आतून फोडत होतं.

अभिमनला ते कळलं आणि तो जाऊन झुलालना घेऊन आला.

झुलाल आता वाकले होते. त्यांनी पान्ह्याचं एक टोक माझ्या अंगाला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. दोष अभिमनला दिला नाही. झाडं वाळत होती, त्यानं तरी काय करावं? त्यांनी विचारलं, पेट्रोल मिळायची काही आशा आहे का. अभिमननं नाही म्हटलं. मग त्यांनी माझं हेड उतरवलं. घासून घासून पातळ केलेली ती बाजू अंगठ्यानं एकदा चाचपली. पिशवीतून जाड पत्रा काढला, माझ्या मापानं कापला, भोकं पाडली आणि झाकणाखाली घालून झाकण पुन्हा वर उचललं. दाब उतरला. इतक्या वर्षांचं काम त्यांनी एका दुपारात परत घेतलं.

मी सुरू झालो. ठोका गेला होता. आणि मेहरूणच्या पडवीतला तो जोरही गेला होता. मी आता चारचौघांसारखं इंजिन होतो, थोडं सुस्त, थोडं धुरकट.

"आते पानी काढ," झुलाल अभिमनला म्हणाले. "कितलंबी काढ. टिकी हाई."

कितीही काढलं तरी मी टिकेन, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पाटात हात धुतले, पंच्याला पुसले. अभिमन थांबायचा आग्रह करत होता, पण तानुबाई घरी एकटी आहे म्हणून ते निघाले. केळीच्या रांगांमधून जाताना त्यांची पाठ मला बराच वेळ दिसत होती. ते थांबले नाहीत.

तेव्हापासून मी रोज चालतो. पाणी पाटात पडतं, पाटातून बागेत जातं. माझ्या पोटातले पिस्टन ज्वारीच्या दाण्यांनी तोललेले आहेत हे इथं कुणाला ठाऊक नाही, आणि त्याचा आता उपयोगही नाही.

तुम्ही कधी मेहरूणला गेलात तर तलावाच्या बाजूला झुलाल-तानुबाईंचं घर विचारा. मी चालतोय, एवढं त्यांना सांगा. कसा चालतोय ते सांगू नका. ते झुलालना माहीत आहे.