लातिरने एक तरी बास्केट टाकावी

लातिर एन्दोंगचे गुडघे मी चौदा वर्षं चोळतोय. त्याच्या आईने लावलं नसेल तेवढं तेल मी त्याला लावलंय, तेव्हा ह्या माणसाबद्दल बोलायचा हक्क माझा. दाकारच्या मेदिना भागातला आमचा बास्केटबॉल क्लब, आणि हा त्याचा सेंटर. उंची सहा फूट अकरा इंच आणि काम एकच, समोरच्याला बास्केट टाकू द्यायची नाही. चेंडू वर जायच्या आत ह्याचा पंजा तिथे हजर. भल्याभल्या संघांतली पोरं ह्याला बघून लांबूनच चेंडू फेकायची आणि चुकायची.

पण स्वतः टाकायची म्हटलं की बोंब. लातिरच्या हातात चेंडू गेला की आमचेच लोक ओरडायचे, "अरे, घ्या त्याच्याकडून." तोही शहाण्यासारखा लगेच देऊन टाकायचा. सबंध मोसमात ह्याचे गुण आठ-दहा, त्यातलेही दोन चेंडू डोक्याला आपटून आत गेला म्हणून. "काका, टाकणारे पुष्कळ आहेत," म्हणायचा. "अडवणारा कुणीतरी नको का?"

हे सुरळीत चाललं असतं, पण छत्तिसाव्या वर्षी गडी सेनाबू बादजीच्या प्रेमात पडला. सेनाबू नर्स आहे, जिभेने तिखट आणि मनाने निर्मळ. आता लातिर सेरेर जमातीचा आणि बादजी मंडळी जोला जमातीची, म्हणजे पिढ्यान्पिढ्या दोघांचं चेष्टेचं नातं. भेटल्याबरोबर एकाने दुसऱ्याला गुलाम म्हणायचं, दुसऱ्याने पहिल्याला खादाड म्हणायचं, मयताच्या घरीसुद्धा. आणि राग धरायचा नाही, ज्याला लागलं तो हरला. मी पडलो तिसऱ्याच जमातीचा, वोलोफ. ह्यांचं भांडण कुठलं आणि लाड कुठले, मला अजून उमगलेलं नाही.

रीतीप्रमाणे लातिरचा मामा गावाहून कोलाच्या बियांची टोपली घेऊन मागणी घालायला गेला. सेनाबूचा बाप आन्सुमाना बादजी कस्टममधून निवृत्त झालेला, बंदरावर लोकांच्या पेट्या उघडण्यात त्याचा जन्म गेला. त्याने टोपली मांडीवर घेतली आणि म्हणाला, "मुलगी देईन. पण आधी तुझ्या भाच्याने माझ्या डोळ्यांदेखत एक बास्केट टाकावी. एवढ्या ताडमाड सेरेराला जाळीत चेंडू टाकता येत नाही, तो माझ्या पोरीच्या तोंडात घास काय घालणार?" मामा पोट धरून हसला, म्हाताऱ्याला गुलाम म्हणाला, चहा प्यायला आणि गाडी पकडून गावी गेला. लातिरला फोनवर सगळं सांगून म्हणाला, "झालं तुझं काम. जोलाच तो, जरा चेष्टा केली."

दुसऱ्या दिवशी लातिर माझ्यापुढे पालथा पडून विचारतो, "काका, चेष्टाच असेल ना?"

"मग काय तर."

"आणि खरंच म्हणाला असेल तर?"

"जाऊन विचार की बाबा."

"कसं विचारू? विचारलं म्हणजे मला लागलं असंच झालं. जन्मभर हसतील."

बरं, सेनाबूला तरी नीट सांगावं? तिला म्हणाला, "बास्केट टाकली की येतो तुमच्याकडे." तिला वाटलं, हा अंग काढून घेतोय. "मग टाकूनच ये," म्हणाली आणि तिने फोन उचलणं बंद केलं. दोन महिने गेले. लातिर बादजींच्या गल्लीत फिरकला नाही. सराव संपला की एकटाच जाळीखाली उभा राहून चेंडू फेकत बसायचा आणि भिंतीकडून परत आणायचा. सहा किलो उतरला. माझ्या हातांना कळतं.

अशात चषकाचा अंतिम सामना आला, शेजारच्या रुफिस्कवाल्यांशी, शनिवारी दुपारी. आणि बघतो तर काय, तिसऱ्या रांगेत कडक इस्त्रीचा निळा, पायघोळ बुबू अंगात घालून आन्सुमाना बादजी बसलेला. ह्या माणसाने आयुष्यात कधी चेंडूला हात लावला नव्हता. लातिरने त्याला पाहिलं आणि तिथेच ह्याचं डोकं फिरलं.

चौदा वर्षांत न केलेले धंदे त्याने अर्ध्या तासात केले. चेंडू मागून घेतला. एक फेकला तो फळीच्या वरून पलीकडे गेला. दुसरा आमच्याच एका पोराच्या कानफटात बसला. तिसऱ्याला तर जाळीखाली एकटा होता, आजूबाजूला चिटपाखरू नाही, तरी चुकला. तिकडे ज्याला अडवायचं तो रुफिस्कचा दांडगा पोरगा मोकळा सुटून बास्केटवर बास्केट टाकत होता. आमच्या कोच मादाम गेय, बाई शिस्तीच्या, त्यांनी लातिरला बाहेर खेचला आणि मला विचारलं, "ह्याला झालंय काय?"

"लग्न."

"कुणाशी?"

"तेच ठरायचंय," म्हटलं, आणि थोडक्यात सगळं सांगून टाकलं. तोंडात तीळ भिजत नाही माझ्या, काय करू.

मादाम लातिरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "हे बघ, तुझा सासरा मला ठाऊक नाही. पण त्या दांडग्याला तुझ्याशिवाय कुणी अडवू शकत नाही, आणि हा चषक माझ्या पोरांना हवाय. तुला काय करायचंय ते आत्ता सांग." लातिरने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "अडवतो."

आणि मग त्याने अडवलं. शेवटच्या दहा मिनिटांत त्या दांडग्या पोराला जाळी दिसली असेल तर शपथ. सहा चेंडू लातिरने हवेतच झोडपले. आठ सेकंद उरली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि चेंडू नेमका लातिरकडे आला. रुफिस्कवाल्यांनी मुद्दाम त्यालाच धरलं, कारण ह्याला दोन मोकळे फेक मिळाले काय आणि न मिळाले काय. पंचांनी दोन फेक दिले. बादजी आपल्या जागी उठून उभा राहिला. दोन महिने ज्याच्यासाठी जीव काढला ते समोर होतं, मध्ये कुणी अडवायलासुद्धा नव्हतं.

पहिला फेक जाळीपर्यंत पोचलाच नाही. दुसरा कड्यावर पडला, कड्यावरून गरगर फिरला, आणि बाहेर पडला. लातिर मेल्यासारखा उभा. तो दांडगा पोरगा चेंडू घेऊन सुसाट सुटला आणि मला वाटलं, आता हा इथेच बसून रडणार. नाही. धावला. ते गुडघे धावूच शकत नाहीत, मी सांगतो ना, पण धावला. पोरगा वर उडाला, मागून लातिरचा पंजा आला आणि चेंडू प्रेक्षकांत. भोंगा वाजला. चषक आमचा. पोरांनी लातिरला खांद्यावर घेतलं तर हा हुंदके देत होता. लोकांना वाटलं, आनंदाने. मी वर बघितलं तर बादजी निघून गेलेला.

रविवारी दुपारी लातिर धुवट कपडे घालून माझ्या दाराशी. "काका, चला. आता विचारतोच. हरलो तर हरलो."

बादजींच्या अंगणात मासेभाताच्या मोठ्या पातेल्याभोवती घर जेवायला बसलं होतं. सेनाबू स्वयंपाकघराच्या दारात लिंबाची वाटी घेऊन उभी, हाडं दिसावीत इतकी वाळलेली. म्हाताऱ्याने मान वर केली नाही.

"शून्य," म्हणाला.

"हो," लातिर म्हणाला. "बाबा, मला चेष्टा जमत नाही. मला लागलंय ते. दोन महिने झोप नाही. मुलगी देता की नाही, एवढं सरळ सांगा."

सगळ्यांचे हात पातेल्यातच थांबले. सेरेराने जोलाला असं विचारलेलं त्या घरात कुणी ऐकलं नसावं.

"कोला मी त्याच संध्याकाळी वाटला," म्हातारा म्हणाला. "वाटला म्हणजे मुलगी दिली. इमामांनी खाल्ला, शिंप्याने खाल्ला. वाटलेला कोला कुणाच्या पोटातून काढून परत देऊ?"

"मग ती बास्केट?"

"अरे, मी तुला बोललो, तर तू दुसऱ्या दिवशी येऊन मला दुप्पट बोलायचं. एवढंही शिकवलं नाही का तुला कुणी? मी रोज दाराशी खुर्ची टाकून बसायचो. जावई शिव्या द्यायला येतच नाही, म्हणजे बापाने काय समजायचं? तुझं मन फिरलं समजलो. पोरीचं खाणं सुटलं. काल त्या हॉलमध्ये आलो ते काय चेंडू बघायला? तू माझ्याकडे बघतोस की तोंड फिरवतोस ते बघायला आलो." म्हातारा उगाच भात चिवडत बसला.

"कोला वाटलेला गल्लीतल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे," सेनाबू दारातून म्हणाली. "मला वाटलं, ह्याला ठाऊक आहे आणि तरी हा येत नाही."

लातिर नुसता तिच्याकडे बघत राहिला.

"तिच्याकडे काय बघतोस?" बादजी म्हणाला. "मला बोल आधी. एक तरी. त्याशिवाय माझ्या पातेल्याला हात लावायचा नाही."

जन्मभर लोकांचे टोमणे लातिरने हसून अडवलेले, स्वतः एक मारलेला नाही. दोनदा तोंड उघडून मिटलं. मी सवयीने डोळे मिटून घेतले.

"अरे म्हाताऱ्या," शेवटी तो म्हणाला, "माझ्या बायकोला दोन महिने उपाशी ठेवलंस आणि इथे बसून एकटाच चापतोयस होय, गुलामा?"

कुणी हसलं नाही. बादजीने बाहीने डोळे पुसले आणि बूड सरकवून शेजारी जागा केली. सेनाबू आली, लातिरला खेटून बसली, आणि बापाच्या पुढ्यातला माशाचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून तिने तोंडात घातला.