केसभर वर

या मित्रांनो, बसा जवळ. भिऊ नका, आता मी गार आहे. पण गोष्ट अशी सांगतो, की ऐकताना तुमचेही तळपाय तापतील.

मी एक जुना ठोकळा आहे, टंगस्टनचा, काडेपेटीएवढा. सूर्यासारखी आग पेटवून बघायच्या यंत्रात मी तळाला होतो. टायरसारखी गोल, पोकळ खोली. आत ती आग, भिंतीला शिवू नये म्हणून लोहचुंबकांनी अधांतरी धरलेली. पण तिची उरलेली धग कुठंतरी जायलाच हवी ना? ती आम्हा तळच्यांच्या माथी. आमच्या पोटातून पाण्याची नळी जायची, ती धग वाहून न्यायची. नळी फुटली, पाणी आत शिरलं, की यंत्राचे बारा वाजलेच.

आम्हाला बसवलं मावशीनं. तिला सगळे मावशीच म्हणत, साहेबसुद्धा. ठोकळे एका पातळीत असायला हवेत. एखादा वर राहिला, की सगळी धग त्याच्या कडेवर. म्हणून मावशी पातळ हातमोज्यातून प्रत्येक सांध्यावर नख फिरवायची. माझ्या कडेला तिचं नख अडकलं. मी केसभर वर होतो.

ती थांबली. बाहेरून साहेबांनी विचारलं, झालं का, झाकण लावायचंय. पुन्हा विचारलं. मावशी पुटपुटली, "तापला की बसेल जागेवर."

अहो, तापलेलं कधी बसतं का? ते फुगतं. मला बोंब मारायची होती, पण तोंड कुठलं आणायचं? झाकण लागलं. काळोख.

पहिली आग क्षणभरच होती, तरी कड लाल झाली. दुसरीला शेजारी निवांत, मी एकटा तापून पांढरा. मग चीर गेली. आग पेटवण्याआधी बाहेर भोंगा वाजायचा, तो वाजला की माझा जीव मुठीत. दर आगीला चीर नळीकडे सरकायची. आता बोटभर उरलंय, आता नखभर. शेवटी कड वितळली, एक थेंब उडून आगीत पडला आणि आग फुंकर मारल्यासारखी विझली.

झाकण उघडलं. साहेब कारण शोधत होते. मावशी सरळ माझ्यापाशी आली.

"हा त्या दिवशीच माझ्या नखाला लागला होता, साहेब."

"मग बोलली का नाहीस, मावशी?"

"तुम्ही घाईत होतात. मला धीर झाला नाही."

साहेब वाकले, चीर कुठवर गेलीय ते तपासलं. "नळीला कागदाएवढं अंतर राहिलंय," ते म्हणाले. मावशीनं स्वतःच्या हातानं मला उचकटून बाहेर काढलं.

आता मी दाराजवळच्या टेबलावर असतो. आत जाणाऱ्या प्रत्येकाला मावशी आधी माझ्या चिरेवर नख फिरवायला लावते. तुम्हीही फिरवा, मित्रांनो. अडकलं ना? असंच कुठं अडकलं, तर झाकण लागायच्या आत बोला. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.