अप्पांच्या कानातलं मशीन

दुपारची भांडी आवरून कीर्ति हॉलमध्ये आली तेव्हा मणी कुत्रा जिभल्या चाटत बसला होता. त्याच्यापुढे अप्पांच्या ऐकायच्या, कानातल्या मशीनची डबी चावलेली पडली होती आणि आतलं मशीन नव्हतं. अप्पांना, तिच्या वडिलांना, जाऊन अजून महिनाही झाला नव्हता.

तिने वाकून कुत्र्याच्या पोटाला हात लावला आणि आतून बारीक शिट्टी आली. अप्पा मशीन कानातून काढायचे तेव्हा वाजायची, तीच.

धाकटा भाऊ साईराम स्वयंपाकघरातून मिठाचं पाणी घेऊन धावत आला. "अक्का, तोंड धर त्याचं. ओकून टाकेल."

"थांब. आधी डॉक्टरांना विचारू."

जनावरांच्या डॉक्टर अलमेलू फोनवर तमिळमध्ये सावकाश, स्पष्ट बोलल्या. "ओकायला लावू नका. बॅटरी घशात अडकली तर घसा आतून जाळते. मीठ नको, दूध नको, काहीच देऊ नका. डबी घेऊन लगेच या."

रिक्षात मणी कीर्तिच्या मांडीवर पडून होता. महामहम तळ्याच्या वळणावर शिट्टी पुन्हा वाजली. रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं.

एक्स-रेमध्ये मशीन जठरात दिसलं आणि त्यात एक पांढरा, गोल ठिपका.

"बॅटरी आतच आहे, म्हणून वाजतंय," अलमेलू म्हणाल्या. "पोट उघडावं लागेल. आत्ताच."

मणीला आत नेलं. कीर्ति बाहेरच्या बाकावर बसली.

"बॅटरी मी काढली होती," ती म्हणाली. "अप्पा गेले त्याच दिवशी."

साईराम म्हणाला, "मी नवी घातली. संध्याकाळी तू शिकवणीला गेलीस की मी ते कानात घालायचो."

"कशाला?"

"त्यांना घर कसं ऐकू यायचं ते बघायला. आधी नुसता पंखा, मागचा नळ. मग कोणीतरी खाकरायला लागलं. अप्पांच्या झोपाळ्यावरून. मशीन काढलं की बंद."

कीर्तिला त्याच्यावर रागवायचं होतं. पण ती बाकावर त्याच्याजवळ सरकली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ते फेकून दिलं असतंस."

अलमेलूंनी बाहेर येऊन काळं पडलेलं मशीन पिशवीत घालून दिलं. "वेळेवर आणलंत. जठराला थोडं भाजलंय, भरून येईल. आज त्याला इथेच राहू द्या. मशीनचा मात्र आता उपयोग नाही."

दिवेलागणीला दोघं घरी आली. साईराम उंबऱ्याबाहेरच थांबला. कीर्ति आत गेली आणि अप्पांशी बोलायची तशी, आवाज चढवून म्हणाली, "अप्पा, मणी बरा आहे. उद्या आणतो त्याला."

रस्त्यावरून एक बस गेली. ती गेल्यावर झोपाळ्यावरून, अगदी स्वच्छ, कोणीतरी खाकरलं.

तिने दाराकडे पाहिलं. साईरामनेही ऐकलं होतं.

ती परत आली, त्याचं मनगट धरलं. "चपला काढ. चल आत."

झोपाळ्यासमोर दोघं जमिनीवर बसली. हळूहळू खोलीतलं काहीच दिसेनासं झालं, तरी दिवा लावायला कोणी उठलं नाही.