सुईएवढे भोक

मित्रांनो, माझ्यावर बसायला जागा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहायला येणारी मुले पहिला प्रश्न हाच विचारतात. मी उभ्याने चालवायची जेट स्की आहे आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. माझ्या पाठीवर पाय रोवायचे, पुढचा दांडा घट्ट धरायचा आणि तलावावर सुसाट सुटायचे. माझ्या पुढच्या झाकणाखाली माझे पोट आहे आणि त्या पोटात इंजिन आहे. इंजिनाला पेट्रोल लागते, हवा लागते; पाणी मात्र अजिबात चालत नाही. आणि माझे सारे आयुष्य पाण्यात. आता बोला.

जन्म माझा कारखान्यातला, पण ते दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवते ते बाबांपासूनचे. बाबा मोटार मेकॅनिक होते. तलावाकाठच्या होड्यांच्या शेडमागे मी कलंडून पडले होते, झाकण कधीच वाऱ्याने उडाले होते आणि पोटात पाखरांनी घरटे केले होते. बाबांनी पिल्ले उडून जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग मला हातगाडीवर घालून घरी आणले. मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या दाराशी, सहा महिने त्यांनी माझी दुरुस्ती केली.

माझ्या पोटात थोडे पाणी येणारच, हे बाबांना ठाऊक होते. झाकणाच्या रबरी पट्टीतून ते झिरपते, हवेच्या वाटेने शिंतोडे येतात. म्हणून पोटाच्या तळापासून एक बारीक नळी निघते, झाकणाखाली उंच चढते आणि मग उतरून शेपटाशी बाहेर पडते. मी धावू लागले की शेपटातून पाण्याचा झोत सुटतो आणि तो नळीतून पोटातले पाणी ओढून घेतो. पण मी थांबले की? शेपूट पाण्यात बुडालेले, नळी पाण्याने भरलेली. मग तलावाचे पाणी त्याच नळीतून उलटे पोटात येऊ लागते. त्यावर बाबांनी उपाय केला. आईची शिवणाची सुई गॅसवर लाल केली आणि नळी जिथे सगळ्यांत उंच आहे तिथे एक भोक पाडले. मी थांबले की त्या भोकातून हवा आत शिरते आणि पाण्याची धार तुटते. एवढेसे भोक, पण बारा वर्षे माझे पोट कोरडे राहिले.

बाबा कमी बोलणारे. भोक पाडले, हात पुसले, जेवायला गेले. कुणाला काही सांगितले नाही.

माझ्यावर उभी राहायची ती त्यांची धाकटी. घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात, आता तिचे केस पिकू लागले तरी. आठवडाभर ती चष्म्याच्या दुकानात बसून काचा घासते. रविवारी मात्र ती माझ्यावर उभी राहायची आणि काठावरचे लोक हातातले काम सोडून बघत राहायचे. ते दिवस आठवले की अजून माझे अंग शहारते.

मग बाबा गेले. माझी देखभाल दादाकडे आली. दादा धाकटीचा थोरला भाऊ, पेशाने प्लंबर. त्याने बसवलेला नळ कधी ठिबकत नाही, असे अख्खी गल्ली सांगते. माणूस मायाळू, पण भोक दिसले की त्याच्या हाताला खाज सुटते. एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याने माझी एकेक नळी सोडवली, एक टोक अंगठ्याने दाबले आणि दुसऱ्या टोकातून जोराने पाणी सोडले. बाबांनी भोक पाडलेल्या नळीची पाळी आली तेव्हा तिच्या मधोमध केसासारखी पिचकारी उडाली.

"सापडला चोर," दादा म्हणाला.

त्याने भोकावर सिलिकॉनचा जाड ठिपका दिला, वरून काळी पट्टी गुंडाळली आणि शीळ घालत हात धुतले. मित्रांनो, मी काय करणार होते? इंजिन बंद असले की मला आवाज नसतो.

पुढच्या रविवारी धाकटीने दोन फेऱ्या मारल्या आणि मला धक्क्याला बांधून ती चहा प्यायला गेली. तेवढ्यात माझ्या पोटात बादलीभर पाणी साचले. तिने येऊन कळ दाबली. मी खोकले, गुरगुरले आणि गप्प झाले. घरी आणून दोघांनी प्लग काढले. इंजिनातून पाण्याचे फवारे उडाले.

"झाकण नीट लावलं होतंस का?" दादाने विचारले.

"बारा वर्षं लावतेय. आजच विसरले असेन, नाही का?"

"मग पाणी काय आभाळातून आलं?"

"ते तू सांग. प्लंबर तू आहेस."

आई दारात उभी राहून टॉवेल पिळत होती. ती म्हणाली, "या मशीनपायी तुझ्या बाबांनी माझी चांगली सुई काळी केली. तशी सुई पुन्हा मिळाली नाही मला."

"आई, सुईचं नंतर," दोघे एका सुरात म्हणाले.

मला वाटले, आता तरी कुणी विचारेल. कुणी विचारले नाही.

दादाने झाकणाची पट्टी बदलली. पट्टीला खडू चोळून झाकण दाबले आणि उमटलेली रेघ अखंड आहे ना, ते डोळे बारीक करून पाहिले. मग मला अंगणात ठेवून तासभर वरून पाण्याचा फवारा मारला. आत थेंब नाही. धाकटीने मला तलावात नेले की पुन्हा बादलीभर पाणी. दादाने हवेची वाटही अर्धी बुजवली. त्यामुळे माझा जीव घुसमटू लागला, पाणी मात्र थांबले नाही. सगळे वरून बघत होते आणि पाणी येत होते खालून, दादानेच बंद केलेल्या भोकाच्या कृपेने. दादाच्या पोटातले पाणी हलत नव्हते. माझ्या पोटातले दर रविवारी डुचमळत होते.

असे दोन उन्हाळे गेले. बहीणभावांचे बोलणे कामापुरते उरले. आणि दर वेळी आईची तीच सुई, तीच तक्रार. मी चिडून चिडून थकले. उत्तर या घरात रोज मोठ्याने सांगितले जात होते आणि प्रत्येक जण त्याला आईची जुनी कुरकुर म्हणून सोडून देत होता.

शेवटी एका शनिवारी धाकटीने हात टेकले. "उद्या भंगारवाला येतोय," ती म्हणाली. "घेऊन जाऊ दे हिला. मला बाबांची आठवण पाहिजे, रोजचं भांडण नको."

दादा मान खाली घालून माझ्या पोटातले पाणी स्पंजने टिपत होता. आई दोरीवरचे कपडे काढता काढता पुटपुटली, "जाऊ दे. माझी सुई गेली ती गेलीच."

धाकटी वैतागून वळली. "आई, एकदाच सांग. एवढ्या मोठ्या मशीनला तुझी सुई कशाला लागली?"

"भोक पाडायला. त्या वरच्या नळीला. गॅसवर लाल केली माझ्यासमोर. मी म्हटलं, अहो, चांगल्या नळीला भोक कशाला? तर म्हणाले, हवा शिरायला. नाहीतर पाणी मागं फिरतं."

दादाचा हात थांबला. स्पंजमधून पाणी ठिबकत राहिले.

"ते भोक," तो म्हणाला, "मी बुजवलं. गळती समजून."

धाकटी त्याच्याकडे वळली. मला वाटले, आता आणखी एक भांडण. पण ती एवढेच म्हणाली, "आई, सुई कुठे आहे?"

सुई बिस्किटांच्या जुन्या डब्यात होती, काळीच्या काळी. आईने ती टाकली नव्हती. दादाने पट्टी सोडवली, सिलिकॉन खरवडले आणि त्याच सुईने भोक मोकळे केले. हवेची वाटही उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला तलावात फिरवले आणि धक्क्याला बांधून तासभर ठेवले. मग दादाने झाकण उघडून तळाला हात लावला आणि कोरडा तळवा धाकटीला दाखवला. भंगारवाला रिकाम्या हाताने परतला.

पण मित्रांनो, गेले ते परत येत नाही. दोन उन्हाळ्यांत माझ्या इंजिनाला आतून गंज धरला. आता माझा आवाज खरखरतो आणि दोन फेऱ्यांनंतर मला दम लागतो. धाकटीच्या त्या सुसाट फेऱ्या आता माझ्याच्याने होत नाहीत. याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, खोटे कशाला सांगू?

दादाने आईला नव्या सुयांचे पाकीट आणून दिले. "आता ओवता कुठे येतंय मला," असे म्हणत तिने ते डब्यात टाकले, काळ्या सुईशेजारी. आणि माझ्या झाकणाच्या आत, नळीजवळ, दादाने न पुसणाऱ्या शाईने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: हे भोक मुद्दाम आहे. बुजवू नये.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. जुन्या वस्तूत काही विचित्र दिसले तर ते बुजवण्याआधी थोडे थांबा. ते कुणी, का केले असेल, याची चौकशी करा. आणि घरातले मोठे माणूस तीच तक्रार पुन्हा पुन्हा करत असेल, तर निदान एकदा तरी विचारा, "पण कशासाठी?"