चित्रातली उभी बाई

मला राग येतो, आणि येऊ द्या. इतकी वर्षं झाली, तरी त्या पुस्तकाचं नाव निघालं की माझं डोकं सणकतं.

एकोणऐंशी सालची गोष्ट. नागपुरात जिकडेतिकडे प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले होते. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. त्या वर्गांच्या पुस्तकाचं काम पाहणारे मनोहरराव साहेब मला म्हणाले, "आनंदराव, एक धडा, एक चित्र. बायांना अक्षर येत नाही. त्या आधी चित्र पाहून गोष्ट सांगणार, मग अक्षराला हात घालायचा. चित्र बोललं पाहिजे, समजलं?" धडा होता 'पाणी'.

गोष्ट माझ्याकडे तयार होती. मनातली नाही, माझ्या आईची, मनकर्णाबाईची. आम्ही बौद्ध झालो, त्यानंतर चार-पाच वर्षांनी आमच्या गावात सरकारी विहीर झाली. म्हणायला सगळ्या गावाची. पण आमच्या बायांनी घागरी घेऊन खाली ताटकळायचं, कोणाला दया आली आणि त्यानं वरून ओतलं तर पाणी. एकदा गावच्या सभेत आई उठली. सगळे बसलेले, ही एकटी उभी. म्हणाली, "विहीर सरकारची हाय. उद्या सकाळी मी माह्या हातानं दोर टाकीन." आणि टाकला!

तेच मी काढलं. सतरंजीवर बसलेली माणसं, सगळ्यांच्या माना वर, आणि मधोमध पदर खोचून उभी असलेली बाई, एक हात विहिरीकडे. तीन रविवार त्यात गेले. आईला दाखवलं तर बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "नाक थोडं मोठं झालं गा." पण दुसऱ्या दिवशी सगळ्या गोदामात सांगून आली, माहा फोटो पुस्तकात येऊन राहिला म्हणून. नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या एका गोदामात ती पोती शिवायची, आणि दुपारच्या सुट्टीत तिथल्याच खोलीतल्या वर्गाला बसायची.

पुस्तक छापून आलं. मी पान उघडलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आई नव्हती! माणसं होती, विहीर होती, सतरंजी होती, आणि मधोमध नुसती पांढरी जागा. सायकल काढली ती थेट सीताबर्डीला, छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या चंपतरावांच्या दुकानात.

"काहून गा चंपतराव, बाई कुठी गेली?"

चंपतरावांनी मान खाली घातली. "साहेब स्वतः आले होते. म्हणे, मोठी माणसं बसलेली अन् बाई उभी, बरं नाही दिसत. नवा ब्लॉक कराले टाइम नव्हता. मग मी होता त्याच ब्लॉकवरून तिले छिन्नीनं खरवडून काढलं. माफ कर गा."

बरं नाही दिसत! बाया उन्हात घागरी घेऊन ताटकळत होत्या, तेव्हा यांचे डोळे कुठे चरायला गेले होते? आणि अकलेचे कांदे तरी किती! बाई खरवडली, पण तिच्याकडे पाहणाऱ्या माना तशाच ठेवल्या. सगळा गाव वर पाहतो आहे आणि वर काहीच नाही.

आईला सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यातच साहेब वाडीचा वर्ग तपासायला येणार असं कळलं. मी शाळेतून अर्धी सुट्टी घेतली आणि वर्गाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

साहेब आत खुर्चीवर बसले होते. शिकवणाऱ्या कौसल्याबाईंनी पुस्तकं वाटली, पान उघडायला लावलं. "सांगा, काय दिसून राहिलं?"

"बुढे आभाळाकडं पाहून राहिले," एक जण म्हणाली, "पानी कधी येते म्हून."

"नाई वं," कांताबाई म्हणाली, "विमान चाललं असंल वरून!"

सगळ्या खळखळून हसल्या. आई हसली नाही. ती पान उलटत होती, परत मागे येत होती, बोट फिरवून स्वतःला शोधत होती. मला तिच्याकडे पाहवेना.

"पावसाचं बरोबर नाही," साहेब हसत म्हणाले आणि कौसल्याबाईंच्या हातातली शिक्षकांची पुस्तिका घेऊन वाचू लागले. "मोठ्या मनाच्या पंचांनी गावची विहीर सर्वांसाठी खुली केली. अशी गोष्ट आहे ही."

आई ताडकन उठली.

"कोनं खुली केली?"

आईनं पुस्तक साहेबांपुढे धरलं आणि पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं मी उभी होती. हे मानसं मलेच पाहून राहिले. माह्या पोरानं काढलं होतं मले. कोनं पुसलं?"

साहेबांचा चेहरा उतरला. दाराशी मी दिसलो तसा आणखीच उतरला. पण साहेब ते साहेबच.

"बाई, तुम्ही आधी खाली बसा. बसून शांतपणे बोला."

"त्या दिवशी पंचही हेच म्हने, साहेब. खाली बस म्हने," आई म्हणाली. "बसली असती, तं आज तुमच्या धड्याले पानी कुठून आनलं असतं?"