छिन्नीने काढलेला रेडिओ

मित्रांनो, माणसाचा दात काढायचा तर त्याला दवाखान्यात नेतात. कोंडूने माझ्या छातीतला रेडिओ काढला तो छिन्नी-हातोड्याने, भर रस्त्यात, तोंडात तंबाखूचा बार भरून. ही त्याची रीत! मी एक जुनी व्हॅन आहे, पण कुणी यावं आणि ठोकून जावं अशी नाही. म्हणून माझी हकीकत सांगताना आधी त्याच्याबद्दलची तक्रार सांगितली.

ब्याऐंशी साली मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा रेडिओ माझ्याबरोबरच आला होता. दोन काळी बटणं, मधे पिवळा दिवा. काळूरामने मला भिवंडीत आणलं. तो आणि त्याची बायको राहीबाई लग्नांचं जेवण रांधायचे. गावोगाव जायचं, मांडवामागे मुक्काम करायचा. म्हणून काळूरामने माझ्या पोटात झोपायला रुंद फळी ठोकली. फळीखाली स्टोव्ह आणि रॉकेलचा डबा, भिंतीला झारे टांगायला आकडे. माझ्या काचेवर निळ्या रंगात ‘जय भीम’ काढून घेतलं. अशी चालती खोली तेव्हा अंबाडीच्या रस्त्याला दुसरी नव्हती. उगाच फुशारकी मारत नाही.

राहीबाईला घड्याळ वाचता येत नाही. तिला त्याची लाजही नाही. तिचं घड्याळ म्हणजे माझा रेडिओ. सकाळच्या बातम्या लागल्या की डाळ चढायची. बाजारभाव सांगायला लागले की भाताचं आधण. शेतकऱ्यांचा कार्यक्रम संपला की पहिली पंगत बसायची. तिचा भात कधी करपला नाही, कधी कच्चा राहिला नाही. लोक तिच्या हाताचं कौतुक करायचे. त्यातलं निम्मं माझं होतं, पण मी मागायला गेले नाही.

मग काळूराम वारला आणि चावी त्याच्या मुलाकडे आली. कोंडू नारपोलीला लूमवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचा. मागावर हातोडा चालतो म्हणून माझ्यावरही चालेल असं त्याला वाटलं.

“अरं, त्यो बोलतो हाय ना? मंग काढतूस कशाला?” राहीबाईने विचारलं.

“बोलतो गं आये, पन म्हाताऱ्यावानी खोकत बोलतो. वराडातली पोरं हसतात आपल्याला. आता टेप लावायचा. आवाज पार वाडा गावापर्यंत गेला पायजे!”

“आन् माजा भात? त्यो काय तुझ्या टेपला विचारून चढवू?”

तो हसला आणि त्याने छिन्नी लावली. मित्रांनो, पहिल्या घावाला माझा पत्रा फाटला. दुसऱ्या घावाला पिवळा दिवा फुटला. टेपला भोक लहान पडलं म्हणून त्याने करवतीने माझी छाती कापली. तारा त्याने दाताने सोलल्या. रेडिओ उपटून रस्त्यावर फेकला. त्याच्या बायकोने, कलावतीने, तो उचलला, पदराने पुसला आणि घरात नेऊन ठेवला.

एवढ्यावर कोंडूचं भागलं नाही. त्याने स्पीकरची दोन मोठी खोकी आणली आणि माझ्या मागच्या दाराला आतून आडवी ठोकली. दार बंद झालं ते झालंच.

“मागचं दार लागतंय कशाला? पुडनं चडा,” तो म्हणाला.

रेडिओची तार बारीक होती. त्याच तारेवर त्याने हा राक्षस जोडला. टेप मोठ्याने लागला की फ्यूज जळायचा. फ्यूज म्हणजे काचेच्या नळीतली नाजूक तार. जास्त वीज आली की ती स्वतः जळते आणि गाडी वाचवते. माझा फ्यूज पुन्हा पुन्हा जळला. याहून स्पष्ट मी कसं बोलणार होते? कोंडूने सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी कागदाची चमकी काढली आणि फ्यूजला गुंडाळली.

“लूमवर आमी रोज ह्येच करतो,” तो कलावतीला म्हणाला. “फ्यूज उडला का जाड तार घालायची. माग थांबला तं शेठ बोंबलतो.”

मे महिन्यात अंबाडीच्या अलीकडे एका लग्नाला गेलो होतो. भर दुपार होती. कोंडूची मुलगी शैला, सहा वर्षांची, खेळून दमली आणि माझ्या फळीवर झोपली. तिच्याखाली रॉकेलचा डबा. कोंडूने टेपचा आवाज पूर्ण सोडला आणि मांडवात मिरवायला गेला. पोर त्या आवाजातही झोपली, गाडीतच वाढलेली ती.

आधी माझ्या छातीत आग आग झाली. तार लाल झाली. तिच्यावरचं रबर वितळून थेंब थेंब गळलं, मग पत्र्यामागचा काथ्या पेटला. चमकी काही तुटेना. ज्वाळा समोरच्या सीटवर चढल्या. टेप वितळत होता तरी गात होता. आवाज घोगरा झाला, मग रेड्यासारखा झाला. त्या आवाजानेच राहीबाईने चुलीवरून मान वर केली.

“पोर आत हाय!” ती ओरडली.

पुढच्या दारांतून ज्वाळा येत होत्या. कलावतीने मागचं दार ओढलं, लाथा घातल्या, नखं मोडली. खोकी हलेनात. आत धुराने शैला उठली आणि फळीजवळची बाजूची काच बडवायला लागली.

“खाली बस! त्वांड झाक!” राहीबाई गरजली. तिने भाताचा लोखंडी झारा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच काचेवर घातला. फुटली नाही. पुन्हा घातला. माझी काच, माझा डोळा म्हणा, फुटली आणि मला जन्मात इतका आनंद झाला नव्हता. राहीबाईने काचांतून हात घालून पोरीला केसांना धरून ओढलं. तिचे हात कोपरापर्यंत फाटले. पोर खोकत होती, रडत होती. जिवंत होती.

कोंडू धावत आला. सीटखालच्या बॅटरीची तार त्याने उघड्या हातांनी तोडली. तळहाताची कातडी तिथेच चिकटून राहिली. वऱ्हाडी मंडळींनी रांजण ओतले. रॉकेलचा डबा तापला होता, पेटला नाही.

मी धुमसत उभी होते. राहीबाईने रक्ताळलेल्या हाताने कोंडूच्या पाठीत झारा घातला. एक, दोन. तिसऱ्याला कलावतीने धरली.

मित्रांनो, तुमच्या घरचं यंत्र मधेच थांबलं तर त्याला शिव्या देऊ नका. ते थांबतं ते कुणाचा तरी जीव वाचवायला. त्याचं ऐका.

पुढे माझी छाती तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून बुजवली. खोकी उखडली, दार मोकळं झालं. कलावतीने रेडिओ आणून दिला. हाताला पट्ट्या बांधलेला कोंडू माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. “आये, मीच बसवतो,” तो म्हणाला. “बारीक तार, बारीक फ्यूज. चमकी न्हाय लावनार.”

मला तोंड असतं तर मी बोलले असते. राहीबाई बोलली ते माझंच धरा. तिने चावी कलावतीच्या हातात दिली आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली:

“बसव. तूच बसव. पन ऐकून ठेव कोंडू, ही गाडी जवर हाय तवर त्या फळीवर माजी नात झोपनार न्हाय. तू झोपायचं. तू जोडलेल्या तारंजवळ, दार लावून, तूच झोपायचं.”